राखण

'राखण' हा शब्द शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत फार कामाचा आहे. भाद्रपदात भात पोटरीला आले की रानडुकरांपासून त्याची राखण करावी लागते. त्यासाठी बांधावर माळा उभारून रात्री जागवल्या जातात. कापणी झाली की खळ्यावर रचलेल्या उडवीची राखण, चैत्र-वैशाखात आंब्याची राखण, आणि बारा महिने शेळ्या-कोंबड्यांची राखण असतेच. गावदेवही वेशीवर राखणीलाच बसलेला असतो. अश्विन वद्य द्वादशीला शहरांतून वसुबारस साजरी होते. त्याच दिवशी सह्याद्रीच्या कुशीतल्या ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांवर वाघबारस असते. गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात आणि आमची गुरे सांभाळ, असे त्यालाच विनवतात. ज्याच्यापासून राखायचे, त्याच्याशीही बोलणे चालू ठेवायचे, ही या मुलखाची जुनी रीत आहे.

या सगळ्या राखणीत कुत्रा माणसाच्या बरोबरीने असतो. आमच्याकडचा गावठी कुत्रा अंगापिंडाने मध्यम, रंगाने तांबूस किंवा कबरा, आणि खाण्यापिण्यात तक्रार न करणारा. तो बहुधा एका घरचा नसतोच. तीन-चार अंगणांत त्याची भाकरी ठरलेली असते. त्याची सारी राखण त्याच्या आवाजात असते. चोर आला की तो एक तऱ्हेने भुंकतो, पाहुणा आला की दुसऱ्या तऱ्हेने, आणि जनावर आले की तिसऱ्या तऱ्हेने. ऐकणाऱ्याला या तऱ्हा कळतात, म्हणून ती राखण चालते. माझे माहेर शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. तिथे माझे वडील अंथरुणात पडल्या पडल्या कान देऊन सांगत, "काही नाही, कोल्हा आहे," आणि पुन्हा झोपी जात. कुत्र्याने सांगायचे आणि माणसाने ऐकायचे, एवढ्यावर तो व्यवहार भागत असे.

गेल्या दोन-तीन दशकांत या मुलखात दुसऱ्या प्रकारचे कुत्रे आले. एकीकडून मुंबई-नाशिक महामार्ग, दुसरीकडून कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. दोन्हींच्या आजूबाजूच्या जमिनी प्लॉट पाडून विकल्या गेल्या आणि कल्याण, ठाणे, मुंबईच्या लोकांची फार्महाऊस उभी राहिली. मालक शनिवार-रविवारी येणार. उरलेले पाच दिवस घर रिकामे. तेव्हा तारेचे कुंपण आले, फाटकावर 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी आली आणि पाटीमागे धिप्पाड कुत्रा आला. ग्रेट डेन, रॉटवायलर, मॅस्टिफ; कोणी तर आल्प्सच्या बर्फात वाढलेला सेंट बर्नार्डही आणला. या कुत्र्यांकडून आवाजाची अपेक्षा नव्हती, धाकाची होती. गावठी कुत्रा घरच्या माणसाला जागे करण्यासाठी पाळला जाई. हा कुत्रा बाहेरच्या माणसाला घाबरवण्यासाठी आणला गेला. राखण या शब्दाचा अर्थ इथे हळूच बदलला, हे मला बऱ्याच नंतर, त्यातलाच एक कुत्रा आमच्या अंगणात आल्यावर उमगले.

आमचे घर मुरबाड तालुक्यात, सरळगाव ओलांडून थोडे पुढे आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शेजारच्या फार्महाऊसवर एक रॉटवायलर होता. मालकांनी त्याचे नाव सीझर ठेवले होते. आमच्या शाळेतल्या मुलांच्या तोंडी ते 'शिजर' झाले. 2019 साली त्या कुटुंबावर आजारपण ओढवले, येणे-जाणे थांबले, वॉचमन काम सोडून गेला. कुत्रा साखळीला तसाच होता. माझे यजमान सकाळ-संध्याकाळ जाऊन त्याला अन्नपाणी ठेवत. दोन महिन्यांनी मालकांनी फोनवर विचारले, "तुम्हीच ठेवाल का?" आणि अडीच वर्षांचा तो काळा, भुवयांपाशी तांबूस ठिपके असलेला कुत्रा आमच्या घरी आला. भात मोजायच्या काट्यावर त्याला उभा केला, तेव्हा वजन 48 किलो भरले. माझ्या चौथीच्या वर्गातली दोन मुले एका पारड्यात घालावीत, एवढे.

रॉटवायलर ही जात जर्मनीतल्या रॉटवाइल नावाच्या गावावरून ओळखली जाते. तिथल्या खाटकांची गुरे बाजारापर्यंत हाकत नेणे आणि मांसाच्या गाड्या ओढणे हे या कुत्र्यांचे मूळ काम. रेल्वे आल्यावर गुरे हाकण्याचे काम संपले, तेव्हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते पोलिसांच्या कामी लागले. म्हणजे ज्याला आम्ही पाटीमागचा पहारेकरी समजत होतो, तो मुळात गुराख्याचा सोबती होता. दिवसभर चालावे, माणसाचा शब्द झेलावा आणि कळपाभोवती फिरावे यासाठी घडलेला. अशा प्राण्याला सहा फुटांच्या साखळीला बांधून ठेवले तर त्याचे काय होते, ते आम्ही पाहत होतो. खुंट्याभोवतीची माती त्याने वर्तुळाकार उकरली होती. पानाच्या सळसळीवरही तो झेपावे आणि गळ्याला हिसका बसून पुन्हा मागे पडे.

सासूबाई त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "बांधलेल्या बैलालाही दिवसातून एकदा पाण्यावर नेतात. ह्याला काय खुंट्याला पुरून ठेवलाय?" त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, पण कायदाही वेगळे सांगत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या अकराव्या कलमात प्राण्याला फार आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही स्वतंत्र गुन्हा सांगितला आहे. कायदा करणाऱ्यांना कुत्र्याचे एवढे बारीक दुःख कळले होते, याचे मला आश्चर्य वाटले. आम्ही साखळी काढली, वाडीच्या मागच्या भागाला उंच जाळी घातली आणि पहाटे व संध्याकाळी त्याला फिरवण्याचा नेम धरला. महिनाभरात त्याचे पानांवर भुंकणे थांबले.

मोठा कुत्रा पाळणे म्हणजे एक मोठा हिशेब सांभाळणे होय. त्यातला पहिला रकाना अन्नाचा. रोज सुमारे चारशे ग्रॅम कोंबडीचे मांस, दोन अंडी, तांदूळ-नाचणीची घट्ट पेज, वर थोडे दही. मीठ-मसाला नाही आणि कांदा तर मुळीच नाही. कांदा-लसणाने कुत्र्याचे रक्त बिघडते. घरातली उरलेली आमटी गावठी कुत्र्याला घालण्याची आपली सवय इथे चालत नाही. खरे तर ती गावठी कुत्र्यालाही बरी नव्हे. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत आणखी एक धोका असतो. एकाच वेळी भरपूर खाऊन ते धावले-उड्या मारल्या, तर पोट वायूने फुगते, कधी पीळ बसतो आणि काही तासांत जीव जातो. म्हणून दिवसातून दोनदा बेताचे जेवण आणि जेवणानंतर तासभर सक्तीची विश्रांती.

दुसरा रकाना ऋतूंचा. एप्रिल-मे महिन्यांत मुरबाडचा पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगी घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा उष्णता घालवण्याचा मुख्य मार्ग. काळ्या अंगाच्या जड कुत्र्याला तो मार्ग अपुरा पडतो. त्या दिवसांत आम्ही उजाडण्यापूर्वी त्याला फिरवून आणतो आणि दुपारभर आंब्याखाली ओले गोणपाट अंथरतो. पावसाळ्यात वेगळी लढाई असते. गोचीड अंगावर चढतात आणि त्यांच्यापासून येणारा ताप मोठमोठ्या कुत्र्यांना झोपवतो; लहानशी जखमही दुर्लक्षिली की दोन दिवसांत तिच्यात अळ्या पडतात. रोज रात्री कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात त्याची बोटे, कानांच्या घड्या, काखा तपासणे हा आमच्या घरचा आषाढ-श्रावणातला नित्यपाठ आहे. सासूबाई त्याला "शिजरची पोथी" म्हणतात. रेबीजची लस तर दरवर्षी, न चुकता. ज्याला घराची राखण करण्यासाठी आणले, त्याचीच राखण करण्यात घराचे एक माणूस गुंतून राहते.

ही उलटी राखण रात्री अधिक जाणवते. तानसा अभयारण्य शहापूर तालुक्याला लागून, भीमाशंकरचे रान मुरबाडच्या वरच्या अंगाला. बिबट्या या दोन्ही तालुक्यांना नवा नाही. आमच्याकडे त्याला सरळ 'वाघ' म्हणतात. सह्याद्रीच्या धारेपलीकडे अकोले तालुका आहे. तिथल्या शेतीवस्तीत राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास करून विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये जे प्रसिद्ध केले, ते कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने जाणावे असे आहे. त्या बिबट्यांच्या आहाराचा वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, सुमारे 39 टक्के, कुत्र्यांचा होता. शेळ्यांचा वाटाही त्याहून कमी होता. म्हणजे आपण ज्याला राखणदार म्हणून दाराशी बसवतो, तो बिबट्याच्या दृष्टीने दाराशी वाढून ठेवलेले ताट असू शकतो. आकाराने थोडा फरक पडतो. पण बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ आपल्या दांडग्या कुत्र्यांच्या गळ्यातही लोखंडी काट्यांचे पट्टे घालतात, कारण बिबट्या आधी गळा धरतो हे त्यांना माहीत असते.

माझे वडील अंधार पडला की कुत्रा आत घेत. तीच रीत आम्ही ठेवली; सीझर पहिल्या रात्रीपासून जाळीच्या पडवीत झोपतो. पौषातल्या एका रात्री वस्तीवरच्या गावठी कुत्र्यांचा आवाज एकदम बदलला आणि मग सारे चिडीचूप झाले. मी उठून पाहिले तर सीझर गोठ्याच्या दिशेने तोंड करून उभा होता. तो भुंकत नव्हता. छातीतून येणारी, जेमतेम ऐकू येणारी एक गुरगुर तेवढी चालू होती. आम्ही दिवे लावले, ताट बडवले. सकाळी गोठ्यामागच्या मऊ मातीत पंजे उमटलेले दिसले. आमच्या शेळ्या शाबूत होत्या. पण चार घरांची भाकरी खाणारा एक तांबडा गावठी कुत्रा त्यानंतर कुणाला दिसला नाही. रात्रीचा पहिला इशारा त्याचाच होता. पडवीत निजलेल्या मोठ्या कुत्र्याचे कौतुक शेजारी करत होते तेव्हा माझे मन त्या बिननावाच्या कुत्र्याकडे जात होते. वस्तीने मिळून त्यानंतर एवढे केले की, उरलेल्या तीन गावठी कुत्र्यांना रात्री कोणत्या ना कोणत्या पडवीत जागा ठरवून दिली.

मात्र या सगळ्यांहून कठीण प्रश्न दिवसाउजेडी आला. आमच्या वाडीच्या बांधावरून ठाकरवाडीची पायवाट जाते. लाकडाची मोळी, करवंदांची पाटी, दळण, दवाखान्यात न्यायचे मूल, सारे या वाटेने रस्त्याला लागते. सीझर आला आणि ही वाट ओस पडू लागली. एके दुपारी मोळी घेतलेली एक बाई बांधाच्या टोकाशी थांबून लांबूनच विचारत होती, "बाई, कुत्रा सुटलेला नाय ना?" मी जाळी दाखवली, तरी तिचा पाय पुढे पडला नाही. ती वळली आणि रस्त्याच्या मोठ्या वळशाने गेली. डोक्यावरच्या मोळीसह अर्ध्या तासाची जादा चाल. तिची भीती खोटी नव्हती. आधीच आजूबाजूच्या किती तरी वाटा फार्महाऊसच्या कुंपणांनी गिळल्या होत्या, आणि त्या प्रत्येक कुंपणामागे असाच एक कुत्रा होता. त्या कुत्र्यांनी कुणाला चावावे लागलेच नाही. त्यांच्या असण्यानेच वाटा बंद झाल्या.

घरात यावर बोलणे झाले. सासरे म्हणाले, "जमीन आपली, कुत्रा आपला. माघार आपण का घ्यायची?" त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे नाही, त्यांनी ती जमीन कर्ज फेडून राखली होती. सासूबाईंनी तांदूळ निवडता निवडता उत्तर दिले, "वाट आपली नाही ना." पुढे आठवडाभर कोणी काही बोलले नाही. मग एका रविवारी सासऱ्यांनीच पहार उचलली. बांधालगतची सहा फूट रुंदीची पट्टी बाहेर सोडून जाळी आत घेतली गेली आणि तिच्या कडेने निरगुडीचा आडोसा लावला. कुत्र्याला येणारे-जाणारे दिसले नाहीत की त्याची निम्मी चिडचिड कमी होते आणि जाणाऱ्यालाही त्याचे डोळे दिसत नाहीत.

उरलेले अर्धे काम वेळ खाणारे होते. फिरायला नेताना त्याच्या तोंडाला जाळी आणि पट्टा यजमानांच्या हाती, या बेताने आम्ही रोज ठाकरवाडीवरून जाऊ लागलो. आरंभी दारे लागत. मग मुले लांब उभी राहून पाहू लागली. शाळेत मी त्यांना कुत्र्यासमोर कसे वागावे ते शिकवले: पळायचे नाही, ओरडायचे नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, जेवणाऱ्या किंवा निजलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही, आणि कोणताही कुत्रा चावला तर जखम लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठायचा. हा धडा सीझरपुरता नव्हता. दोन-अडीच महिन्यांनी वाटेवर पावले पुन्हा वाजू लागली. तरीही आजतागायत तो कधी मोकळा बाहेर गेलेला नाही. जो कुत्रा आपल्या घरच्यांशी मेणाहून मऊ वागतो, त्याच्या जबड्याची ताकद त्यामुळे कमी होत नसते.

2024 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून 23 जातींचे कुत्रे 'हिंस्र' म्हणून पाळण्यास आणि विकण्यास मनाई करावी, असलेल्यांचे निर्बीजीकरण करावे, असे सांगितले. त्या यादीत रॉटवायलर होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता ते काढले गेले, हा त्यातला एक मुद्दा होता. त्या दिवसांत अनेकांनी मला विचारले, "तुमचा कुत्रा वाईट जातीचा का?" जातीने स्वभावाचा काही भाग ठरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही, गुरे हाकायला घडवलेला प्राणी धीट आणि ताकदवान असणारच. पण त्या धिटाईला कोणती माणसे 'आपली' वाटावीत, हे आपण शिकवतो. फाटकापाशी एकट्या बांधलेल्या कुत्र्याला आपले असे कोणीच नसते. त्याला सारे जगच परके. जेवढे जग आपण त्याच्या ओळखीचे करून देऊ, तेवढेच त्याच्यापासून सुरक्षित राहते.

याची एक मोठी साक्ष दूरच्या नामिबियात मिळते. तिथे चित्ते शेळ्या मारत आणि शेतकरी चित्त्यांना गोळ्या घालत. 1994 पासून तिथल्या चित्ता संवर्धन संस्थेने शेतकऱ्यांना तुर्कस्तानातल्या अनातोलियन जातीची राखणदार कुत्री देण्यास सुरुवात केली. ही पिल्ले काही आठवड्यांची असल्यापासून शेळ्यांच्या कळपातच वाढवतात, त्यामुळे कळप हेच त्यांचे कुटुंब होते. असा कुत्रा चित्त्याचा पाठलाग करत नाही. कळप आणि चित्ता यांच्यामध्ये उभा राहून भुंकतो. बहुतेक वेळा चित्ता निघून जातो. शेळी वाचते, शेतकऱ्याचा राग निवतो आणि चित्ताही वाचतो. वाघबारसेला वाघदेवापुढे हात जोडणाऱ्या आमच्या गुराख्यांना ही गोष्ट सांगितली, तर ती त्यांना परकी वाटणार नाही.

सीझर आता नवव्या वर्षात आहे. त्याच्या बांध्याच्या कुत्र्यांना आयुष्य थोडे. आठ ते दहा वर्षे म्हणजे भरपूर. मागच्या पायांचे सांधे दुखतात, म्हणून फिरणे अर्ध्यावर आले आहे आणि पडवीची पायरी चढताना यजमान त्याच्या पोटाखाली गोणपाट घालून उचलून धरतात. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले आहेत. रात्री पहिला इशारा आता गावठी कुत्रीच देतात. तो फक्त मान वर करून ऐकतो. तो गेल्यावर पुन्हा एवढा कुत्रा आणायचा का, हा विषय मध्यंतरी जेवताना निघाला. सासऱ्यांनी आधी जाळी दुरुस्त करावी लागेल असे सांगितले, आणि मग थोड्या वेळाने, "बांधाची पट्टी मात्र तशीच राहू दे," असे म्हणून ताटावरून उठले. नव्या कुत्र्याविषयी काही ठरले नाही. वाटेविषयी ठरले.